२ ऑगस्ट २०२७ चे खंडग्रास सूर्यग्रहण : भर पावसाळ्यातले ग्रहण पाहण्याची तयारी

२२ जुलै २००९ च्या पहाटे आम्ही सहा जण सुरतेला तापीच्या काठावर उभे होतो. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेवरून जाणार होता आणि त्यासाठी आम्ही रात्रभर प्रवास केला होता. चष्मे होते, कॅमेरे होते, तिपाया होत्या. पण आकाश गच्च भरलेले होते. सव्वासहानंतर काही मिनिटांतच भरदिवसा काळोख पसरला, तीन मिनिटांहून अधिक काळ टिकला आणि ओसरला. सूर्याची कड मात्र आम्हाला क्षणभरही दिसली नाही. परतीच्या गाडीत लक्षात आले की ढगांचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. जागा एकच ठरवली होती आणि ती सोडून दुसरीकडे जाण्याची कोणतीच सोय नव्हती.

त्याच ग्रहणाचे पुढचे आवर्तन २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी होणार आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातून ते खंडग्रास दिसेल आणि त्या वेळीही पावसाळाच असेल. पहिल्यांदाच ग्रहण पाहू इच्छिणाऱ्यांना आमच्यासारखे हात हलवत परतावे लागू नये, यासाठी ही तयारी क्रमाने लिहीत आहे.

पायरी १ : हे ग्रहण का होते आणि आपल्याला अर्धवट का दिसते, ते आधी समजून घ्या

ही पायरी गाळून थेट चष्म्यांकडे जाण्याचा मोह होतो. पण ग्रहणाची रचना एकदा डोळ्यांसमोर उभी राहिली की वेळा, दिशा आणि जागा यांचे सगळे निर्णय सोपे होतात, असा माझा अनुभव आहे.

चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये आला की सूर्यग्रहण होते, म्हणून ते अमावास्येलाच होऊ शकते. मग प्रत्येक अमावास्येला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. आकाशात सूर्याचे बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसते, त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन पातळ्या जिथे एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंना आपल्या परंपरेत राहू आणि केतू म्हणतात, आणि आधुनिक खगोलशास्त्रात पातबिंदू. सूर्य यांपैकी एका बिंदूजवळ असताना अमावास्या आली तरच ग्रहण घडते. २०२७ चे ग्रहण चंद्र उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो त्या पातबिंदूजवळ, म्हणजे केतूजवळ होणार आहे; पंचांगात त्याला ‘केतुग्रस्त’ म्हटलेले दिसले तर त्याचा अर्थ इतकाच आहे.

सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट दूर आहे. त्यामुळे आकाशात दोघांची बिंबे जवळजवळ सारखी दिसतात. चंद्राची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसल्याने त्याचे बिंब कधी किंचित मोठे तर कधी किंचित लहान दिसते. ते लहान असताना छायेच्या मध्यरेषेवरून कंकणाकृती, म्हणजे सूर्याची कड बांगडीसारखी उरलेले, ग्रहण दिसते आणि मोठे असताना खग्रास. या वेळी चंद्र पृथ्वीजवळ असेल, म्हणून ग्रहण खग्रास आहे आणि त्याची खग्रास स्थिती दीर्घ आहे. इजिप्तमध्ये लक्सरच्या परिसरात सूर्य तब्बल ६ मिनिटे २३ सेकंद पूर्ण झाकला जाईल. चंद्राच्या दाट छायेचा पट्टा स्पेनच्या दक्षिण टोकापासून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालियावरून हिंदी महासागरात उतरतो. जेद्दा आणि मक्का ही शहरे या पट्ट्यात येतात. तिकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनी ही संधी कोणत्याही कारणाने सोडू नये.

मग आपल्याकडे खंडग्रास का? एखाद्या कीर्तनाच्या मंडपाची कल्पना करा. खांबाच्या बरोबर मागे बसलेल्याला बुवा अजिबात दिसत नाहीत. त्याच्या बाजूला बसलेल्याला अर्धे दिसतात, आणि आणखी बाजूला सरकलेल्याला खांबाची अडचणच होत नाही. चंद्राच्या छायेचेही तसेच आहे. मधली दाट छाया या वेळी जास्तीत जास्त २५८ किलोमीटर रुंद असेल, पण तिच्याभोवती विरळ छायेचे हजारो किलोमीटर रुंद वर्तुळ असते. या वर्तुळात असलेल्या प्रत्येकाला सूर्याचा काही भाग झाकलेला दिसतो, आणि आपण त्याच्या पूर्वेकडच्या भागात आहोत. म्हणूनच महाराष्ट्रात नैऋत्येकडे जावे तसे ग्रहण मोठे दिसते आणि ईशान्येकडे जावे तसे लहान होत जाते.

आता ‘आवर्तन’ म्हणजे काय ते पाहू. चंद्राच्या २२३ अमावास्या म्हणजे १८ वर्षे, ११ दिवस आणि साधारण ८ तास. एवढ्या काळानंतर सूर्य, चंद्र आणि पातबिंदू पुन्हा जवळपास त्याच मांडणीत येतात आणि तसेच ग्रहण पुन्हा घडते. या कालखंडाला सारोस चक्र म्हणतात. २२ जुलै २००९ मध्ये हा कालखंड मिळवा, २ ऑगस्ट २०२७ येते. उरलेल्या ८ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा वळते आणि छायेचा पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. २००९ मध्ये सुरत, वाराणसी, पाटण्यावरून गेलेली छाया या वेळी आफ्रिका आणि अरबस्तानावरून जाते ती त्यामुळेच.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. २ ऑगस्ट २०२७ ही आषाढ अमावास्या आहे, म्हणजे आपली दिव्यांची अवस. पण दृक्‌गणिताच्या (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताच्या) पंचांगात ती अमावास्या दुपारी साधारण ३.३५ ला संपते आणि मुंबईत ग्रहण लागते त्यानंतर. अमावास्या संपल्यावर ग्रहण कसे? पंचांगातली अमावास्या पृथ्वीच्या केंद्रावरून मोजलेली असते आणि आपण उभे असतो पृथ्वीच्या पृष्ठभागावर. सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असताना आपल्याला चंद्र त्याच्या गणिती स्थानापेक्षा थोडा क्षितिजाकडे उतरलेला दिसतो, म्हणून तो सूर्याला उशिरा गाठतो. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितातही याला ‘लंबन’ असा शब्द आहे आणि ग्रहणाच्या वेळा काढताना हा संस्कार, म्हणजे ही दुरुस्ती, करावाच लागतो.

पायरी २ : वेळा, ग्रासमान (सूर्य किती झाकला जाईल ते) आणि दिशा वहीत टिपून ठेवा

ग्रहण लागते त्या क्षणाला स्पर्श, सर्वांत जास्त झाकलेल्या क्षणाला मध्य आणि सुटण्याच्या क्षणाला मोक्ष म्हणतात. पुढील वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आणि स्थूलमानाने आहेत.

मुंबई : स्पर्श दुपारी पावणेचारच्या सुमारास, मध्य ४.४२ च्या आसपास, मोक्ष साडेपाचच्या सुमारास. सूर्याच्या व्यासाचा सुमारे ४० टक्के भाग झाकला जाईल. पुण्यातील चित्र जवळजवळ असेच असेल.

पणजी : स्पर्श ३.५० च्या सुमारास, मोक्ष ५.४० च्या सुमारास. व्यासाचा साधारण ४५ टक्के भाग.

नागपूर : स्पर्श चारच्या सुमारास, मोक्ष ५.२० च्या सुमारास. व्यासाच्या पाव भागाहून थोडा अधिक.

तुमच्या गावाच्या मिनिटापर्यंत अचूक वेळा कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरकडून किंवा त्यांच्या गणितावर आधारलेल्या राष्ट्रीय पंचांगातून घ्याव्यात. समाजमाध्यमांवर फिरणारे वेळापत्रक बहुधा दिल्लीचे असते, किंवा संपूर्ण पृथ्वीवरील ग्रहणाच्या आरंभाचे आणि शेवटाचे असते. ते आपल्या गावाला लागू पडत नाही. २०२२ च्या ग्रहणाला आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी अशाच एका चुकीच्या वेळापत्रकामुळे अर्धा तास उशिरा गच्चीवर आली होती.

‘४० टक्के’ याबाबतही एक गल्लत नेहमी होते. ग्रासमान सूर्याच्या व्यासावर मोजतात, क्षेत्रफळावर नाही. व्यासाचा निम्मा भाग झाकला गेला तरी बिंबाचे क्षेत्रफळ सुमारे ३९ टक्केच झाकलेले असते. मुंबईत व्यासाचे ४० टक्के म्हणजे क्षेत्रफळाचे ३० टक्क्यांहून कमी. इतक्या ग्रहणाने उजेडात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. अंधारून येईल, पक्षी घरट्यांकडे परततील अशी अपेक्षा मुलांना देऊ नका. नाहीतर समोर घडणारी सुंदर गोष्ट पाहूनही ती हिरमुसतील.

काय दिसेल तेही आधी माहीत असावे. पश्चिमेकडे तोंड करून पाहिले तर पहिला चावा सूर्याच्या खालच्या कडेला पडलेला दिसेल. तो हळूहळू मोठा होत डावीकडे सरकेल, मध्याच्या वेळी डाव्या-खालच्या बाजूला असेल आणि शेवटी डाव्या कडेवरून सुटेल. नवख्या माणसाची नजर बहुधा वरच्या कडेवर असते आणि स्पर्श हुकतो, म्हणून खालची कड लक्षात ठेवा.

पायरी ३ : जागा निवडा आणि मे महिन्यातच रंगीत तालीम करा

मुंबईत स्पर्शाच्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असेल, मध्याला ३४ आणि मोक्षाला २३ अंशांवर. हात पूर्ण ताणून मूठ धरली की ती सुमारे १० अंश झाकते, म्हणजे मोक्षाच्या वेळी सूर्य क्षितिजाच्या वर दोन मुठींपेक्षा थोडा अधिक असेल. पश्चिमेला उंच इमारत, वडाचे झाड किंवा डोंगराची सोंड असेल तर तेवढी उंचीही पुरणार नाही.

हे तपासायचे कसे? जून-जुलैत सूर्य दिसण्याची खात्री नसते. त्यासाठी एक युक्ती आहे. सूर्य आकाशातल्या ज्या वाटेने २ ऑगस्टला जातो, जवळजवळ त्याच वाटेने तो १० मेच्या सुमारासही जातो, कारण दोन्ही दिवशी तो विषुववृत्तापासून सारखाच उत्तरेला असतो. फक्त मे महिन्यात तो घड्याळाच्या हिशेबाने सुमारे १० मिनिटे लवकर त्या जागी पोहोचतो. तेव्हा १० मे रोजी दुपारी साडेतीनपासून साडेपाचपर्यंत तुमच्या निवडलेल्या जागी जाऊन बसा. साडेचारला सूर्य जिथे असेल, तिथेच तो ग्रहणाच्या मध्याला असणार आहे. आमच्या गच्चीवर तालीम केली तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली पाच वाजल्यापासून नेमकी आमच्या सतरंजीवर येत होती.

आता ढगांचे. ऑगस्टच्या आरंभी कोकण आणि घाटमाथ्यावर स्वच्छ आकाशाची आशा धरणे कठीण आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश आहे : फलटण, दहिवडी, आटपाडी, सांगोला, जत, पंढरपूर, सोलापूर. तिथेही ढग असतात, पण ते बहुधा विखुरलेले असतात आणि मधूनमधून उघडीप मिळते. ग्रहण पावणेदोन तास चालणार आहे, त्यामुळे दहा-दहा मिनिटांच्या दोन उघडिपी मिळाल्या तरी भरपूर झाले. आणि या भागात ग्रहण पुण्याइतकेच मोठे दिसते, म्हणजे तिकडे जाण्यात काही गमावायचे नाही.

पुण्याहून फलटणकडे निघणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट विसरू नये. त्या दिवशी सोमवार आहे आणि अमावास्या आहे, म्हणजे सोमवती. सोमवतीला जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला मोठी गर्दी लोटते आणि सासवड-जेजुरी-नीरा हा रस्ता तुंबतो. एक दिवस आधी मुक्कामाला जा किंवा साताऱ्याकडून वळा.

जागा एक नाही, दोन ठरवा आणि दोन्हींमध्ये तासाभराच्या प्रवासाचे अंतर ठेवा. सकाळी अकराला आणि पुन्हा दुपारी एकला हवामान खात्याची उपग्रह छायाचित्रे पाहा आणि दोन वाजता शेवटचा निर्णय घ्या. त्यानंतर ढगांमागे धावत सुटू नका, नाहीतर सगळे ग्रहण गाडीतच जाईल.

पायरी ४ : चष्मे महिनाभर आधी घ्या आणि घरी तपासा

खंडग्रास ग्रहणात नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे सुरक्षित असेल असा एकही क्षण नसतो. डोळ्याच्या दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत. इजा होत असताना काहीही दुखत नाही आणि दृष्टीच्या मध्यभागी डाग पडल्याचे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी लक्षात येते. हे नुकसान कायमचे असू शकते.

सूर्य पाहण्यासाठीच्या चष्म्यांवर ‘आयएसओ १२३१२-२’ हे मानक छापलेले असावे लागते. पण छापलेले आहे एवढ्यावर विसंबू नका. २०१९ च्या ग्रहणाआधी मी एका विक्रेत्याकडून शाळेसाठी चाळीस चष्मे मागवले. पुठ्ठ्यावर मानक ठळक छापलेले होते. पाकीट उघडल्यावर एक चष्मा डोळ्यांना लावून वर पाहिले तर वर्गातली ट्यूबलाइट स्पष्ट दिसत होती, आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या पंख्याची पातीसुद्धा. सगळे चष्मे त्या दिवशी बाजूला ठेवले. खऱ्या चष्म्यातून घरातले काहीही दिसत नाही. दिसलाच तर एखादा अतिशय प्रखर दिवा मिणमिणता दिसतो. ही चाचणी प्रत्येक चष्म्याची स्वतंत्रपणे करा. नंतर तो प्रखर दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोके, चरे किंवा चुण्या आहेत का ते पाहा आणि असल्यास कात्रीने कापून फेकून द्या, म्हणजे तो चुकून पुन्हा वापरात येणार नाही.

वेल्डिंगची काच वापरायची असेल तर ती १४ क्रमांकाचीच हवी. सर्वसाधारण वेल्डिंगच्या दुकानात याहून कमी क्रमांकाच्या काचा असतात आणि दुकानदार ‘चालेल’ म्हणून त्याच देतो, त्यामुळे काचेवरचा क्रमांक स्वतः वाचून घ्या.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी आणि गॉगल यांपैकी काहीही वापरू नका. ही साधने उजेड कमी करतात, पण डोळ्याला इजा करणारे अदृश्य किरण अडवण्याची खात्री देत नाहीत. परातीत हळदीचे किंवा शेणाचे पाणी घेऊन त्यात प्रतिबिंब पाहण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तीही टाळावी, कारण पाण्यातले सूर्याचे प्रतिबिंब टक लावून पाहण्याइतके मंद नसते.

दुर्बीण, द्विनेत्री (बायनॉक्युलर) किंवा कॅमेऱ्याच्या बाबतीत गाळणी (सूर्यासाठीचा फिल्टर) भिंगाच्या पुढे, म्हणजे सूर्याच्या बाजूला लागते. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून पाहणे ही सर्वांत भयंकर चूक आहे : भिंगाने एकवटलेला सूर्यप्रकाश चष्म्याची फिल्म काही क्षणांत जाळू शकतो. दुर्बिणीचा अनुभव नसेल तर या ग्रहणाला ती घरीच ठेवा.

पावसाळ्यातल्या ग्रहणात याहून फसवी गोष्ट म्हणजे पातळ ढगाआडचा सूर्य. तो चंद्रासारखा फिकट दिसतो, चष्म्यातून काहीच दिसत नाही आणि माणूस सहज चष्मा काढून पाहू लागतो. तेवढ्यात ढग सरकतो आणि पूर्ण तेजाचा सूर्य थेट डोळ्यात येतो. शिवाय ढगातूनही अपायकारक किरण येतच असतात. मुलांना हे आदल्या दिवशी नीट समजावून सांगा. चष्म्यातून दिसत नसेल तर खाली पाहायचे आणि थांबायचे, हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

पायरी ५ : चष्म्याशिवाय पाहण्याची साधने तयार करा

माझ्या मते नवख्याने, विशेषतः मुलांबरोबर असलेल्याने, ग्रहणाचा बराचसा वेळ सूर्याकडे पाठ करून पाहण्यातच घालवावा.

सर्वांत सोपे साधन स्वयंपाकघरातली पिठाची किंवा चहाची नव्हे, तर मोठ्या भोकांची चाळणी. ती जमिनीपासून मीटरभर उंच धरली की प्रत्येक भोकातून सूर्याची एक प्रतिमा खाली पडते. अंतराचा हिशेब लक्षात ठेवा : भोकापासून पडद्यापर्यंत एक मीटर अंतर असेल तर प्रतिमा साधारण ९ मिलिमीटरची पडते, दहा मीटर असेल तर ९ सेंटीमीटरची. झाडाच्या पानांमधल्या फटीही हेच काम करतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली शेकडो चंद्रकोरी पसरलेल्या होत्या आणि वारा आला की सगळ्या एकदम हलत होत्या. एका मुलीने आपली पांढरी ओढणी पसरून त्यांतल्या कितीतरी कोरी तिच्यावर झेलल्या आणि बाकीची मुले त्या मोजू लागली. या वेळी ग्रहण लहान आहे, त्यामुळे कोरींऐवजी कडेचा घास तोडलेल्या भाकऱ्या दिसतील, आणि त्या उलट्या असतील : सूर्याची खालची कड झाकलेली असताना प्रतिमेची वरची कड तुटलेली दिसते.

याहून चांगले साधन म्हणजे झाकलेला आरसा. हातातला छोटा सपाट आरसा घ्या, त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदाच्या मध्यभागी ५ मिलिमीटरचे भोक पाडा. पश्चिमेकडच्या खिडकीत, वाळू भरलेल्या वाटीत तो टेकवा आणि कवडसा खोलीच्या आतल्या, शक्य तितक्या दूरच्या आणि अंधाऱ्या भिंतीवर पाडा. दहा मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर तळहाताएवढा सूर्य उमटतो आणि खोलीतले सगळे जण एकाच वेळी ग्रहण पाहू शकतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे कवडसा सरकत राहतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी आरसा थोडा वळवावा लागतो. आरशात कोणी डोकावणार नाही आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही, एवढी काळजी एका मोठ्या माणसाने घ्यावी.

पायरी ६ : घरातल्या मंडळींशी आधीच बोलून घ्या

दिव्यांच्या अवसेला घरोघरी दिवे घासूनपुसून पूजा मांडली जाते, त्यात सोमवती आणि त्यात ग्रहण. ‘दुपारी बाहेर पडायचे नाही’ हे वाक्य ऐन वेळी कानावर येणार हे धरून चाला आणि त्याबद्दल आठवडाभर आधी आदराने बोला. ज्यांना वेध पाळायचे, जप करायचा, मोक्षानंतर स्नान करायचे त्यांना ते करू द्यावे. ती त्यांची श्रद्धा आहे. पण ग्रहणात अन्न दूषित होते किंवा गर्भाला व्यंग येते याला कोणताही आधार नाही. गरोदर बाईला तासन्‌तास उपाशीतापाशी, पाण्यावाचून एका जागी बसवणे मात्र तिला आणि बाळाला खरोखर त्रासदायक ठरू शकते. मधुमेहाच्या रुग्णांचे जेवण आणि गोळ्यांच्या वेळा ग्रहणासाठी बदलू नयेत. ग्रहण साडेपाचच्या सुमारास सुटते, त्यामुळे संध्याकाळी दिवे लावायला मोकळीक आहेच.

माझ्या आजीने २०१९ पर्यंत एकही ग्रहण पाहिले नव्हते. त्या सकाळी ती दारातून बाहेर आली नाही, पण आरशाचा कवडसा देवघराशेजारच्या भिंतीवर पाडला तेव्हा जपमाळ हातात घेऊन पूर्ण वेळ त्याच्यासमोर बसून राहिली.

पायरी ७ : प्रत्यक्ष दिवशी

तीन वाजता जागेवर पोहोचा. आरसा आणि चाळणी मांडून प्रतिमा नीट पडते का ते स्पर्शापूर्वीच पाहून घ्या. स्पर्शाच्या दोन मिनिटे आधी चष्मा डोळ्यांवर चढवा, मग मान वर करा. खाली पाहिल्यावरच चष्मा काढा. हा क्रम मुलांकडून दहा वेळा घोकून घ्या. एका वेळी पाच-सात सेकंद पाहणे पुरेसे असते. दर दहा मिनिटांनी कवडशाच्या कडेने कागदावर पेन्सिलीने रेघ ओढून वेळ लिहिली तर संध्याकाळी चावा सरकल्याचा पूर्ण नकाशा तुमच्या हातात येतो. कोणत्याही मोबाइलच्या छायाचित्रापेक्षा मला हा कागद जास्त मोलाचा वाटतो. छायाचित्र हवेच असेल तर ग्रहणाचा दुसरा चष्मा मोबाइलच्या भिंगापुढे धरा, मात्र पडद्याकडे पाहताना नजर चुकून सूर्यावर जाऊ देऊ नका.

एकट्याने पाहायचे नसेल तर मुंबईतले नेहरू तारांगण आणि खगोल मंडळ किंवा पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था यांच्याकडे जुलैमध्येच चौकशी करावी. अनुभवी माणसांच्या दुर्बिणींना योग्य गाळण्या लावलेल्या असतात आणि सूर्यावर डाग असतील तर त्यांतून तेही दिसतात.

सोबत न्यायचे सामान

तपासलेले चष्मे, माणशी एक आणि एक जादा. मोठ्या भोकांची चाळणी. झाकलेला आरसा, वाटी आणि वाळू. पांढरा पुठ्ठा, कागद, पेन्सिल, चिकटपट्टी. तुमच्या गावाच्या वेळा लिहिलेला कागद, कारण मोकळ्या रानात मोबाइलला रेंज नसते. घड्याळ. सतरंजी, छत्री आणि चष्मे कोरडे ठेवायला झाकणाचा डबा. पाणी आणि खाऊ.

आकाश उघडलेच नाही तर

तर तारीख वहीत लिहून ठेवा : २१ मे २०३१. त्या दिवशीच्या कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा केरळ आणि तामिळनाडूवरून जातो आणि महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसेल. सूर्याच्या व्यासाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग झाकला जाईल. मे महिना असल्याने आकाश बहुधा स्वच्छ असेल. ग्रहणाचा मध्य भर दुपारी पाऊणच्या पुढे येतो आणि नाशिकच्या अक्षांशावर त्याच सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. म्हणजे तिथे सूर्य जवळजवळ डोक्यावर येऊन गेल्यावर थोड्याच वेळात ग्रहणाचा मध्य होईल, आणि पायाशी गोळा झालेल्या सावलीत उभे राहून ते पाहता येईल. २०२७ चे चष्मे तोवर जपायचे असतील तर दुमडू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, वर खरेदीची तारीख लिहा आणि मे २०३१ च्या पहिल्या आठवड्यात ट्यूबलाइटची चाचणी पुन्हा एकदा करा.